मधी जागा हाय

डिसेंबरमधला एक रविवार. सकाळची नांदेड–उदगीर लाल गाडी. हजर: आमच्या क्लबचे दहा खेळाडू, बुटांचं एक पोतं, एक चेंडू, एक पंप. गैरहजर: सेंटर हाफ. त्याला कावीळ झाल्याचा निरोप गाडी सुटता सुटता त्याच्या भावाने खिडकीतून दिला आणि त्याचे बूट तेवढे आत ढकलले.

सामना दुपारी होता आणि संघाची जुळवाजुळव माझ्याकडे होती. मी तेव्हा विष्णुपुरीला धरणाच्या कामावर स्टोअरकीपर होतो. सिमेंटच्या गोण्या मोजता मोजता माणसंही तशीच मोजायची सवय लागली होती. दाराजवळ उभं राहून, आता मधे कुणाला खेळवायचं, यावर आमचा वाद चालला होता. तेवढ्यात मागून आवाज आला, "दार सोडा. मधी सरका. मधी जागा हाय."

"साहेब, आमची मधलीच जागा रिकामी आहे," मी वैतागून म्हणालो. "सेंटर हाफच आला नाही."

कंडक्टरने पुढच्या म्हातारीच्या हातात तिकीट ठेवलं, तिचं गाठोडं पायाने सीटखाली सरकवलं आणि मग माझ्याकडे पाहिलं. "सेंटर हाफ व्हय," ते म्हणाले. "मग मी हाय की. उदगीरला आपली गाडी चारपस्तोर उभीच ऱ्हाते."

"तुम्ही खेळता?"

"खेळत व्हतो. हैद्राबादला मामाकडं ऱ्हायचो तवा. बूट कितीचा हाय?"

बूट एका नंबराने लहान निघाला. त्यांनी टाच दाबून तो चपलेसारखा घातला, खाकी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि कातडी पिशवी माझ्या गोलाच्या खांबाला टांगली. "हिच्याकडं ध्यान ठिवा," म्हणाले, "बॉल गेला तर जाऊ द्या." आम्ही एका गोलने जिंकलो. परतीच्या गाडीत त्यांनी आमच्याकडून नेहमीसारखे पूर्ण पैसे घेऊन तिकिटं फाडली. आमच्यातल्या एकाने सवलतीचा विषय काढला, तर त्याला उत्तर मिळालं, "मॅचमधी म्या पास दिले. गाडीत पास न्हाई."

त्या दिवसापासून ते आमचे सेंटर हाफ. आम्ही त्यांना कंडक्टरसाब म्हणायचो. आमच्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठे होते, त्यामुळे अरेतुरे कधी झालं नाही. आणि तेही आम्हाला, अगदी चिडले तरी, अहो-जाहोच करत. गाडीतली सवय.

मी गोलकीपर. त्यामुळे मैदानावरचे कंडक्टरसाब मला आठवतात ते पाठमोरे. समोरून ते कसे दिसत हे मला खेळातल्या इतरांना विचारावं लागेल. पाठ मात्र अजून डोळ्यांपुढे आहे. उजवा खांदा जरा वर, डावा हात कोपरात दुमडून बरगडीला चिकटलेला. त्या हाताखाली तिकिटांची पेटी नसतानाही पेटी असल्यासारखा. आमच्यातले काही जण त्यांच्या मागे तशी नक्कल करत चालायचे. पण त्या दुमडलेल्या हातामुळेच कुणी डावीकडून धडकलं तर ते पडत नसत, हे आम्हाला उशिरा कळलं.

भरल्या गाडीत कंडक्टर कसा पुढे जातो, तुम्हीही पाहिलं असेल. कुणाला ढकलत नाही, कुणाच्या पायावर पाय देत नाही, गाडी वळणावर झुकली की उलट्या बाजूला रेलतो आणि ब्रेक लागायच्या आधीच कमरेने सीटला टेकलेला असतो. कंडक्टरसाब मैदानात तसेच चालायचे. चालायचे म्हणतो, कारण धावताना मी त्यांना फार वेळा पाहिलं नाही. चेंडू यायचा, ते तळव्याखाली घ्यायचे, गाडीच्या पायरीवर पाय ठेवावा तसा. समोरचा अंगावर यायचा. हे थोडे मागे रेलायचे. समोरचा पुढे निघून जायचा, ब्रेक लागल्यावर उभे प्रवासी जातात तसा, आणि कंडक्टरसाब तिथेच उभे असायचे, चेंडूसकट.

डोक्याने चेंडू त्यांनी कधी मारला नाही. विचारलं तर म्हणायचे, "डोस्क्यावर टोपी असते. सवय न्हाई." गोलवर फटका मारतानाही त्यांना कुणी पाहिलं नव्हतं. अर्ध्या मैदानाच्या पुढे जायची वेळ आली की ते थांबायचे. "आपली हद्द संपली. पुढचं पुढच्या गाडीनं."

नावं त्यांच्या लक्षात राहत नसत, किंवा ठेवायची नसत. आम्हाला ते थांब्यांच्या नावाने हाक मारत. डाव्या बगलेवरून पळणारा पोरगा उमरीचा, तो 'उमरी'. मागे भिंतीसारखा उभा राहणारा बिलोलीचा, तो 'बिलोली'. उमरी शेतकऱ्याचा मुलगा, अंगाने काडी. बिलोली तालुक्याच्या शाळेत मास्तर, अंगाने दार. मी गोलात, सगळ्यांच्या मागे, म्हणून मी 'लास्ट स्टॉप'. सामना चालू असताना आमचं मैदान ऐकू आलं तर एखाद्याला वाटायचं, आपण चुकून बसस्थानकात आलो.

"उमरी, उतरा. उतरा, दार उघडं हाय."

"बिलोली, बसून घ्या. अजून यायचाय तुमचा स्टॉप."

आणि सगळे कडेकडेने पळायला लागले की ठेवणीतलं वाक्य, "सारे दारातच उभं राहून राहिलेत. मधी या. मधी जागा हाय."

खरी गंमत पुढे आहे. बोलायला वेळ नसेल तेव्हा ते जीभ टाळूला लावून घंटी वाजवायचे. जिभेची एक टाळी म्हणजे थांब. दोन म्हणजे चल. सिंगल बेल, डबल बेल. आवाज असा खणखणीत की मला मागे स्पष्ट ऐकू यायचा. उमरी चेंडूच्या मागे उगाच धावत सुटला की एक 'टॉक', आणि उमरी जागच्या जागी. मग कंडक्टरसाब इकडे-तिकडे बघणार, जागा झाली असं वाटलं की 'टॉक टॉक', आणि उमरी सुटायचा. तो पोचायच्या आत चेंडू तिथे. समोरच्या संघांना हा काय प्रकार आहे ते कधी उमगलं नाही. आम्हाला तो इतका अंगवळणी पडला की उमरी बाजारात कुणी जीभ वाजवली तरी थबकायचा. त्याच्या लग्नात हे केलं तर काय होईल, यावर आमच्या पैजा लागल्या होत्या. बिलोलीने तेवढं होऊ दिलं नाही.

त्यांच्या पासबद्दल सांगायलाच हवं. त्या सालांत पाऊस नव्हता. विहिरी आटल्या होत्या, गावोगाव टँकर, आणि आमचं मैदान म्हणजे उलटा ठेवलेला तवा. काळी माती तडकून भेगा पडलेल्या. जोरात मारलेला चेंडू भेगेवर आपटून कमरेएवढा उडायचा आणि कुठेही जायचा. कंडक्टरसाब जोरात मारतच नसत. पायाच्या आतल्या बाजूने नुसता हात फिरवल्यासारखा स्पर्श, बाकीचं काम जमिनीचं. चेंडू घरंगळत, भेगा चुकवत, नेमका उमरीच्या उजव्या पायाशी जाऊन मंदावायचा. हातात तिकीट ठेवावं तसा. फेकलेलं नाही, ठेवलेलं.

एवढ्या खेळामागे त्यांची एकच इच्छा होती, आणि ती सगळ्यांना ठाऊक होती. हैद्राबादला लहानपणी त्यांनी कुंपणाबाहेरून एक हिरवळीचं मैदान पाहिलं होतं. आत कधी जाता आलं नाही. नंतर सगळं आयुष्य आमच्याकडच्या मुरमावर आणि काळ्या मातीवर गेलं.

"एकदा हिरवळीवर खेळायचंय," ते म्हणायचे. "बॉल कसा जातो ते बघायचंय. मग सोडून देतो."

राज्याची जिल्हावार स्पर्धा व्हायची ती हिरवळीवर. पण तिथे जायला आधी आमच्या भागातून निवडून यावं लागे, आणि नांदेड जिल्ह्याचा संघ म्हणून आम्ही दर साली शेवटच्या सामन्यात हरत आलो होतो. कंडक्टरसाब चाळिशीला टेकले. गुडघ्याला सामन्याआधी आणि सामन्यानंतर पट्टी बांधू लागले. विचारलं की म्हणत, "गाडी जुनी झाली की आवाज करतेच."

मग लातूर वेगळा जिल्हा झाला. पाट्या बदलल्या, कचेऱ्या बदलल्या, आणि लातूरच्या डेपोत माणसं हवीत म्हणून कंडक्टरसाबांची बदली झाली. घर नांदेडलाच ठेवून ते तिकडे ड्युटी करू लागले. नव्या जिल्ह्याला नवा फुटबॉल संघ हवा होता. तिथल्यांनी त्यांना बोलावलं. आणि त्या साली निवडीचा शेवटचा सामना निघाला नांदेड आणि लातूरचा, आमच्याच मैदानावर. जो जिंकेल तो कोल्हापूरला, हिरवळीवर.

ते मला सांगायला आले. गाडी उभी होती, त्यांच्या हातात चहाची बशी होती.

"लास्ट स्टॉप, मी तिकडून खेळून राहिलो. तुमची परवानगी हाय का?"

"परवानगी कसली साब. तुमचा जिल्हाच तो आता."

"जिल्हा सरकारचा. मी गाडीचा." त्यांनी बशी ठेवली. "पर एक सांगतो. मला गवतावर जायचंय म्हणून कुणी ढिलं खेळू नका. बिलोलीला खास सांगा, त्येचं मन मऊ हाय. तसं गेलो तर बिनतिकीट बसल्यावानी हुईल. आजवर एक फुकट्या नेला न्हाई म्या."

मी बिलोलीला सांगितलं. तो म्हणाला, "मन मऊ कुणाचं? मी त्यांना मधी जागाच देत नाही, बघ." तरी सामन्याच्या दिवशी सकाळी त्यानेच त्यांच्या गुडघ्याला पट्टी बांधून दिली.

सामन्याला गर्दी होती. दोन्ही डेपोंचे ड्रायव्हर-कंडक्टर आले होते, कुणाला पाठिंबा द्यायचा हे न ठरवता. रेफ्री परभणीचे, कडक इस्त्रीचे, आम्हा कुणाला न ओळखणारे.

लातूरच्या पोरांना कंडक्टरसाबांनी घंटी शिकवली होती. थांबे नवे होते. औसा, निलंगा, अहमदपूर. पहिल्या हाफच्या शेवटाला चेंडू त्यांच्या पायाशी आला. त्यांचा औसा फार लवकर पुढे घुसला होता. त्याला थांबवायला त्यांनी एक टाळी दिली. टॉक.

औसा थांबला नाही. नवा होता, विसरला. थांबला तो आमचा बिलोली. चेंडूवर झेप घेणार होता, तो पाय अधांतरी ठेवून थांबला. आमचा उमरी थांबला. आमची सगळी मागची फळी थांबली. आणि औसा आमच्या पुतळ्यांच्या मधून चेंडू घेऊन आला व माझ्या उजवीकडून गोल करून गेला.

"बेल वाजली की," बिलोली म्हणाला. दोन्ही हात पसरून तो सगळ्या मैदानाला सांगत होता. "बेल वाजली म्हणून थांबलो."

रेफ्रींनी आपली शिट्टी हातात घेऊन पाहिली. "शिट्टी मी वाजवलेली नाही."

"शिट्टी नाही साहेब, बेल."

"कुठली बेल?"

कंडक्टरसाब लगबगीने रेफ्रींकडे आले. "साहेब, हा गोल धरू नका. बेल माझी व्हती. ती ह्यांला समजली."

"तुम्ही कोणत्या बाजूचे?"

"आज लातूरचा."

"मग गोल तुमचाच झालाय."

"तेच म्हणून राहिलो. नको हाय."

पुस्तकात बेलबद्दल काही नाही, एवढं बोलून रेफ्रींनी चेंडू मधे ठेवायला सांगितला. ड्रायव्हर लोक पोट धरून हसत होते.

हाफ टाइमला बिलोली तडक त्यांच्याकडे गेला. "साब, तोंड बंद ठेवा."

"तोंड बंद ठिवलं तर माझी पोरं कशी खेळतील? त्यांला दुसरं काय येतंय?"

"मग आमच्या पायाला काय दोरी बांधू? सात वर्षं तुम्हीच लावलंय हे."

कंडक्टरसाबांनी आपल्या पोरांना गोळा करून काहीतरी सांगितलं. आम्हाला नंतर कळलं. त्यांनी बेल उलटी केली होती. आता एक म्हणजे चल, दोन म्हणजे थांब. नांदेडच्या पोरांना आपल्या बेलचा तोटा होऊ नये, असा त्यांचा हिशेब.

हिशेब पार उलटा बसला. दुसऱ्या हाफमधे चेंडू आमच्या उमरीजवळ होता. लातूरची तीन पोरं एकदमच त्याच्यावर धावली आणि मागे सगळं मोकळं पडलं. त्यांना आवरायला कंडक्टरसाबांनी नव्या नियमाप्रमाणे दोन टाळ्या दिल्या. टॉक टॉक. लातूरची पोरं शहाण्यासारखी थांबली. आणि आमचा उमरी, डबल बेल कानावर पडताच, सात वर्षं सुटायचा तसा सुटला. त्याला अडवायला कुणीच हललं नाही. गोल करून झाल्यावर तोच कंडक्टरसाबांकडे बघत राहिला. "साब, तुम्हीच म्हणालात ना चल?"

बरोबरी झाली. आता गर्दीतले ड्रायव्हरही जिभा वाजवायला लागले. मैदानभर टॉक टॉक. कोण थांबतंय, कोण पळतंय, कुणालाच काही कळेना. लातूरचा निलंगा तर एका जागी उभा राहून रडकुंडीला आला.

वेळ संपत आली होती. कंडक्टरसाबांच्या पायाशी चेंडू आला, नेहमीच्या जागी, मैदानाच्या मधोमध. घंटी द्यायची सोय उरली नव्हती. दोन्हीकडची पोरं कडेला पांगून त्यांच्या तोंडाकडे बघत होती. त्यांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. मग स्वतःशीच बोलल्यासारखे, पण मला ऐकू येईल इतक्या मोठ्याने म्हणाले, "मधी जागा हाय."

आणि ते चालायला लागले. आपली हद्द ओलांडून. डावा हात बरगडीला, चेंडू पायाशी, त्याच चालीने. आमचे दोघे अंगावर गेले आणि पुढे निघून गेले. बिलोली शेवटी आडवा आला, दारासारखा. त्यांनी थोडं रेलून त्यालाही जाऊ दिलं. मग त्यांच्या आणि माझ्यामधे कुणी उरलं नाही.

मी त्यांचा चेहरा मैदानावर समोरून पाहिला तो त्या दिवशी. घामाने मिशा चिकटलेल्या, ओठ थोडे उघडे, आणि डोळ्यांत ती सगळी वर्षं. मला वाटलं होतं खेळताना ते शांत असतील. ते मुळीच शांत नव्हते. पोरगा आपली पहिली सायकल ओढत आणतो तशी त्यांची मुद्रा होती.

"लास्ट स्टॉप," ते हळूच म्हणाले, "उतरायचं हाय."

मी झेपावलो, अगदी लांबवर. बोटांना हवा लागली. चेंडू माझ्या हातापासून एवढ्याशा अंतरावरून घरंगळत गेला आणि खांबाच्या आत जाऊन थांबला. फेकलेला नाही, ठेवलेला. उठून मी त्यांना मिठी मारायला गेलो, तर ते माझ्या कोपराला खरचटलंय का ते बघत होते.

कोल्हापूरहून ते परतले त्याची हकिगत मला धावत्या गाडीत मिळाली, तुकड्या-तुकड्यांत. मी कामासाठी लातूरला निघालो होतो आणि गाडी त्यांची होती.

"कसं झालं साब?"

"हरलो. पैल्याच मॅचला. पाच गोलनं." त्यांनी मागच्या सीटवर तिकीट फाडलं आणि परत आले. "लई मऊ हाय हो ते. गादीवर चालल्यावानी. पैला पास दिला मी औशाला, आपला नेहमीचा. अर्ध्यातच थांबला बॉल. मला वाटलं कुणी हात लावला का काय. दुसरा दिला, तोबी थांबला. गवत धरून ठिवतं बॉलला. सोडतच न्हाई."

"मग जोरात मारायचा."

"पाय ऐकत न्हाई ना. इतकी वर्षं जमिनीच्या भरवशावर पास दिले. माझा एक पास पोचला न्हाई त्या दिवशी. एकबी न्हाई."

ते पुढे गेले. दोन थांबे गेले, माणसं चढली-उतरली. मला त्यांचं वाईट वाटत होतं. ते परत आले ते हसत.

"मॅच झाल्यावर बूट काढले अन् मधोमध जाऊन बसलो. बराच वेळ. मग त्यांचा माणूस आला, म्हणला, उठा, पाणी सोडायचंय." ते कमरेने सीटला टेकले. "पाणी, लास्ट स्टॉप. गवताला. फवाऱ्यानं. आपली मंडळी अर्ध्या हंड्यासाठी टँकरमागं पळून राहिली अन् तिथं गवत आंघोळ करत व्हतं. मला बघवंना. पर उठवंबी ना."

"पाहिलं तरी एकदा," मी म्हणालो.

"हाव. पाहिलं." मग खिडकीबाहेरच्या उघड्या रानाकडे बोट करून, "आपल्याकडं का नसावं म्हणतो मी."

येताना त्यांनी सोबत काय आणलं होतं ते पुढच्या रविवारी मैदानावर दिसलं. ओल्या फडक्यात गुंडाळलेला मातीचा गोळा, वर चार हिरवी पाती. त्यांनी तो दोन्ही हातांवर धरला होता, देव्हाऱ्यातून काढल्यासारखा. उमरीने फडकं बाजूला केलं आणि खाली बसला.

"साब, ही हरळी हाय."

"असंल."

"असंल काय? हरळी. आमचा बाप हिच्यापायी म्हातारा झाला. खणून काढा, जाळा, बांधावर फेका, मरता मरत न्हाई. तालुक्यात कुणालाबी मागितली असती तर गाडीभर मिळाली असती, वरून त्यानं तुम्हाला जेवाय घातलं असतं. अन् तुम्ही ही कोल्हापूरहून आणली? बसनं?"

"मांडीवर ठिवून," कंडक्टरसाब म्हणाले. "सामानाचं तिकीटबी काढलं."

बिलोली हसून हसून जमिनीवर लोळला. पण खड्डा त्यानेच खणला, मैदानाच्या मधोमध, जिथून कंडक्टरसाब खेळायचे. पाण्याचा प्रश्न होता. घरी प्यायला नसताना गवताला पाणी घालायचं म्हणजे गावात तोंड दाखवायला जागा नाही. त्यांनी नियम काढला. ज्याला हात धुवायचे, चूळ भरायची, त्याने मधे येऊन भरायची. वेगळं पाणी नाही. सामना संपल्यावर आम्ही सगळे रांगेने मधे जाऊन चुळा भरायचो. नव्याने आलेले पाहुणे संघ विचारायचे, ही तुमच्याकडची काय पद्धत? आम्ही सांगायचो, जुनी आहे.

त्या उन्हाळ्यात हरळी परातीएवढी झाली. पुढच्या सालांत पाऊस आला तशी सतरंजीएवढी. कंडक्टरसाब खेळायचे थांबले होते, पण ड्युटी संपवून संध्याकाळी येऊन बसायचे, तिच्यावर नाही, तिच्या कडेला. पुढे कशी न्यायची ते सांगायचे. आधी मधून दोन्ही बाजूंनी, मग बगला, सगळ्यात शेवटी गोलापुढची जागा, कारण तिथे पाय फार पडतात.

रिटायर झाल्यावरही येत राहिले. मग काठी आली. मग येणं महिन्यावर गेलं. हरळी तोवर मधून बरीच पसरली होती, आणि नवीन पोरं तिच्यावर जोरात पास द्यायला शिकली होती. कंडक्टरसाबांना ते पटत नसे. "मारून राहिलेत नुसते," म्हणायचे, आणि तरी बघत बसायचे.

गेल्या दिवाळीनंतर ते गेले. झोपेत, नांदेडच्या घरी. आम्ही तिघं गेलो होतो. त्यांच्या मुलीने चहा दिला आणि म्हणाली, "बाबा तुमच्या मैदानाचं फार बोलायचे. झालं का हो ते?" उमरी म्हणाला, "होत आलंय ताई."

होत आलेलं नाही. दोन्ही गोलांपुढे अजून उघडी काळी माती आहे. मधे एकदा प्रदर्शनाच्या मांडवाचे खड्डे पडले, ते आम्ही बुजवले. उमरीने या महिन्यात बांधावरची हरळी खणून दोन पोती भरून ठेवली आहेत. ओल्या गोणपाटाखाली ती आणखी काही दिवस टिकेल, असं तो म्हणतो, आणि ती कशानेच मरत नाही हेही तोच म्हणतो. बिलोलीने आपल्या जुन्या शाळेतून दोरी आणि खुंट्या आणल्या आहेत. कुदळी माझ्याकडे आहेत, धार लावून झाली आहे. यंदा पाऊस पुन्हा मागे सरकलाय. टँकर दोन दिवसांआड येतो आणि बायका पहाटेपासून हंडे लावून बसतात. हरळी लावायला दोन हंडे मिळतील का, ते त्यांना जाऊन विचारायचं आहे. कोण विचारणार, ते अजून ठरत नाही.